सोमवारची सुट्टी

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बिलालने आज लातूरहून ही वही आणून दिली. काल सोमवार, दुकानाला सुट्टी. तो सबिहाभाभींना घेऊन पाहुण्यांकडे गेला होता. माझी मुलगी प्रियदर्शनी तिथे क्लासला आहे, तिला भेटून आला. वही तिने दिली. पानं उभी आखलेली आहेत, डावीकडे तास, उजवीकडे मोकळी जागा. कुठला तास कशात गेला ते रोज लिहायचं. क्लासमध्ये सगळ्या मुलांना देतात. तिने माझ्यासाठी एक जास्तीची मागून घेतली.

फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या दुकानात सगळ्यात महाग काय आहे?"

"कापड."

"चूक. वेळ."

"हे कोणी सांगितलं?"

"बायोलॉजीच्या सरांनी."

"सरांना म्हणावं एक ब्लाउज शिवून दाखवा."

हसली. मग म्हणाली, "चाचा काय स्टायलिश झालेत हो. काळा गॉगल. आणि चाचींनी रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरला होता, भर चौकात. तुम्ही धरता का कधी आईचा?"

आखलेल्या रकान्यात माझं लिहिणं मावत नाही. आडवं लिहितो आहे. एम.ए.ला मराठी होतं. त्यानंतर मापांशिवाय काही लिहिलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

वही का हवी, ते आधी लिहितो.

इतवाऱ्यातलं हे दुकान बिलालच्या वडिलांचं, खाजामियाँचं. त्यांनी आम्हा दोघांना एकाच मशीनवर शिकवलं. मीही त्यांना अब्बाच म्हणायचो. आता बिलाल कापतो, मी शिवतो. दुकान आमच्या हातात देताना अब्बांनी एकच नियम घालून दिला. ज्याचा सण त्याने घरी राहायचं, दुसऱ्याने दुकान बघायचं. रमजानात बिलाल दुपारनंतर घरी जातो, ईदचे कपडे मी पोचते करतो. भीमजयंतीच्या आठवड्यात मी मिरवणुकीच्या कामात असतो, पांढरे कपडे तो पोचते करतो. देगलूर नाक्याचे लोक आमच्याकडे येतात आणि जयभीमनगरचेही येतात, ते या नियमामुळे.

पण रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. मागच्या वर्षी जयंती आणि ईद यांत आठवड्याचं अंतर होतं, तेव्हाच आम्ही कमी पडलो. ईदच्या आदल्या दिवशी लोक दुकानात उभे होते आणि त्यांचे कपडे अर्धे होते. एक जण तसाच बिनबाह्यांचा कुर्ता घेऊन गेला. यंदा ईद अकरा एप्रिलच्या आसपास, जयंती चौदाला. दोघांचेही सण एकदम. नियम लागू होत नाही.

पुढच्या गल्लीत रेडिमेडचं दुमजली दुकान झालं आहे. यंदा चुकलं तर लोक तिकडे जातील आणि परत येणार नाहीत. मग हे दुकान चालणार नाही. बिलालला तसं म्हणालो. तो म्हणाला, "निभवू रे. अब्बा असते तर म्हणले असते, कातर चालव, तोंड नको चालवू."

२१ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर तास लिहिले. वेळ कुठे गळतो ते दिसायला लागलं.

मापं मी लिहून घेतो. कापायच्या वेळी बिलाल म्हणतो, "वाच." मी मशीन थांबवतो, वही घेतो, वाचतो. छाती, खांदा, बाही. तो ऐकतो आणि कापतो. दोन माणसं एका कपड्याला. पूर्वी तो स्वतः बघायचा.

"तूच बघ ना," मी म्हणालो.

"तुझं अक्षर बघ आधी. मुंगी शाईतून चालत गेल्यावानी."

"इतकी वर्षं कसं लागलं?"

"इतकी वर्षं जवान होतो."

हसला. मीही हसलो आणि वाचून दाखवलं.

रोज सकाळी कटिंगचं टेबल तो दारात ओढतो. ऊन आत शिरलं की पुन्हा मागे. आत कोंदतं म्हणतो. मी त्याच्या डोक्यावर नवा पंखा लावून दिला, तरी दारातच.

खडूने आखण्याऐवजी तो कापड नखाने मुडपत जातो, घडी पडते, त्या घडीवर बोट ठेवून कातर लावतो. अब्बांची पद्धत नव्हे ही. कधी सुरू केली कळलं नाही. सुबक होतं, पण हळू.

आणि धागे. पांढरं कापड अंथरलं की त्यावरून धागा झटकतो. पुन्हा झटकतो. आज मी उठून बघितलं. कापड स्वच्छ होतं. "काय झटकतोस?" म्हटलं. "काळा धागा होता." इतकी टापटीप परवडणारी नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

वीरण्णा आला होता. देगलूरचा, इथे कापडाचं दुकान आहे, आमच्याकडची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडून कापड घेऊन येतात. बिलाल नमाजाला गेला होता.

"तुमचे मास्टर लई मोठे झाले बघा," वीरण्णा म्हणाला. "काल वजिराबादेत समोरासमोर आलो. मी हात केला. हे असे निघून गेले. नमस्कार राहिला, शिवी तरी द्यायची."

"लक्षात आलं नसेल."

"अरे, मी काय सुईएवढा हाय का?"

खरं आहे. वीरण्णा दारातून आत येताना उजेड अडतो.

बिलालला विचारलं नाही. पण वीरण्णाला टाळण्याचं कारण एकच असू शकतं. कापडवाल्याशी बोलणं कमी करायचं असेल तर माणसाचं दुसरीकडे काही ठरत असतं.

५ मार्च, मंगळवार

टाइमटेबल तयार झालं. प्रियदर्शनीने फोनवर सांगितलं, मी कार्डशीटवर लिहिलं आणि दुकानात भिंतीला लावलं. एका वेळी एक काम. एका कामाला एकच माणूस. मापं वाचून दाखवणं बंद. प्रत्येक कापडाला मापाची चिठ्ठी टाचणीने लावलेली असेल. आखणी मी करून ठेवणार, बिलाल फक्त कातर चालवणार. सारख्या मापाचे कपडे एकेक न कापता थर लावून एकदम कापायचे. टेबल आतच राहील.

बिलाल कार्डशीटसमोर उभा राहिला. "भारी हाय," म्हणाला. "वाच की."

"डोळ्यासमोर आहे."

"तुझ्या तोंडून ऐकू दे. हेडमास्तरावानी वाचतोस."

वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला. थरांचं आल्यावर म्हणाला, "एका रेघेवर सगळे थर? रेघ चुकली तर?"

"तुझी रेघ कधी चुकली आहे?"

तो कातर उघडमीट करत राहिला. मग म्हणाला, "आखून पण तूच देणार?"

"तेवढा तुझा वेळ वाचेल."

"हाव. वाचेल."

१० मार्च, रविवार

दोन दिवसांत रमजान. आज सांगून टाकलं की जयंतीपर्यंत सोमवारची सुट्टी बंद.

बिलाल मशीनला तेल घालत होता. म्हणाला, "एक सोमवार दे मला. पुढचा न्हाई, त्याच्या पुढचा. अठरा तारीख. बाकी सगळे घे."

"कशाला?"

"लातूरला जायचं हाय."

"पाहुण्यांकडे?"

"हाव."

"सीझनमध्ये पाहुणे?"

"तसे जरा महत्त्वाचे हायेत."

"तुला एक दिला तर मलाही एक हवा. मग टाइमटेबल कशाला? ईद झाल्यावर जा ना. चार दिवस जा."

तो तेलाचं डबडं पुसत राहिला. मग म्हणाला, "बरं."

वाद घातला नाही. मला बरं वाटलं. घरी विशाखाला सांगितलं तर ती म्हणाली, "बिलालभाऊ सुकलेत. परवा बाजारात दिसले, पँट कमरेवर राहत नव्हती. साखर तपासली का त्यांनी? आणि आता रोजे." ती आशा वर्कर आहे, तिला प्रत्येकात रोग दिसतो. उद्या विचारीन म्हटलं.

१५ मार्च, शुक्रवार

बसतंय. चिठ्ठ्या लावून ठेवतो, तो कापतो. वाचून दाखवणं बंद झाल्यापासून दुकानात बोलणं फारसं होत नाही. माझं मशीन थांबत नाही. कुर्त्यांचा ढीग वाढतो आहे आणि तारखेच्या पुढे आहे. असं कधी झालं नव्हतं.

पण एक लक्षात आलं. चिठ्ठ्या तो खिशात घालून घरी नेतो. सकाळी भाभींकडून पाठ करून आल्यासारखा येतो. आज एका कापडाची चिठ्ठी टाचणीलाच होती, घरी न्यायची राहिली असावी. ते कापड त्याने दिवसभर हाती घेतलं नाही.

साखरेचं विचारायचं राहिलं.

१८ मार्च, सोमवार

दुसरा कामाचा सोमवार. गल्लीतली बाकीची दुकानं उघडी, आम्हीही उघडे, काही वेगळं वाटलं नाही. काम ठरल्याप्रमाणे झालं. बिलालचं लक्ष नव्हतं. भाभींचा दोनदा फोन आला. तो बाहेर ओट्यावर जाऊन बोलला. "नहीं आ सकता, सीझन है," एवढं ऐकू आलं. एकदा म्हणाला, "एक महिने में क्या होता."

मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. चहा मागवणार होतो, रोजा आठवला.

२२ मार्च, शुक्रवार

महामायाताई आल्या. जयभीमनगरच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. यंदा मंडळाचं लेझीम पथक निघणार आहे. चाळीस बायका. पांढरे कुर्ते, निळी जाकिटं. कापड घेऊनच आल्या होत्या, बायकांनी घरोघर फिरून जमवलेल्या पैशांतलं.

"जय भीम, आनंदराजभाऊ. न्हाई म्हणू नका. तोंडावरून दिसून राहिलं न्हाई म्हणणार तुम्ही."

"ताई, ईद आणि जयंती एकदम आलीय."

"मग? जयंती पुढच्या महिन्यात ढकलू? ईद ढकलता येते का बिलालभाऊ?"

बिलाल म्हणाला, "ईद चंद्राच्या हातात हाय, ताई. चंद्राला फोन लावा."

"लावते. तुमचं नाव सांगते."

हसलो सगळे. मी हिशोब केला. चाळीस कुर्ते, तीनच मापं. थर लावले तर कापायला एक सकाळ. टाइमटेबलात नेमकी एक सकाळ मोकळी होती. हो म्हणालो. पूर्वी अशी ऑर्डर घेण्याची छाती झाली नसती.

त्या गेल्यावर बिलाल म्हणाला, "नको घ्यायला पायजे होतं."

"का?"

"पांढरं लई हाय."

हे काय कारण झालं?

२६ मार्च, मंगळवार

आज पंधरावा रोजा. दारावर पाटी लावली, 'ईदच्या ऑर्डर बंद'. दर वर्षी लावतो, पण त्यानंतरही लोक येतात आणि बिलाल घेतो. कोणाची बहीण, कोणाचा जावई. यंदा त्याने एकही घेतली नाही. बानो आपा आल्या, अब्बांच्या वेळच्या. त्यांनाही नाही म्हणाला. त्या मला म्हणाल्या, "तूने बिगाडा इसको."

तो डोळे चोळत होता. पहाटे सहरीच्या जेवणाला उठायचं, त्यात झोप पुरत नाही. मी म्हणालो, "तोंड धुऊन ये." धुऊन आला. पुन्हा चोळायला लागला. टेबलावर हात फिरवून काहीतरी झटकलं. टेबल रिकामं होतं.

३० मार्च, शनिवार

निवडणुकीच्या गाड्या दिवसभर गल्लीतून फिरतात. भोंग्यामुळे मशीनचा आवाज ऐकू येत नाही. दोरा तुटला तरी कळत नाही. ईदचे निम्म्याहून जास्त कपडे झाले. मी पुढे आहे.

बिलालने आज दोनदा बोट कापलं. मी म्हणालो, "मन इथे नाही तुझं." तो म्हणाला, "मन हाय रे. मनच हाय."

३ एप्रिल, बुधवार

कसं लिहावं कळत नाही.

काल संध्याकाळी मी महामायाताईंच्या कुर्त्यांची आखणी करून थर लावून ठेवले. पांढऱ्यावर पिवळा खडू, फिका, नंतर डाग राहू नये म्हणून. दोन रेघा. आतली शिलाईची, बाहेरची कातरीची. दोन्हींच्या मधल्या पट्टीत शिलाई बसते. शिकाऊ मुलालाही हे कळतं.

आज मी सकाळी ईदचे कपडे पोचते करायला देगलूर नाक्याला गेलो. परत आलो तेव्हा बिलाल टेबलाशी उभा होता. कापून झालं होतं. सगळे थर. आतल्या रेघेवर.

शिलाईला जागाच ठेवली नव्हती. खांदा, काख, बाजू. चाळीस कुर्ते. जोडले तर कोणाच्या अंगात जाणार नाहीत. मी एक उचललं, दुसरं उचललं. तो माझ्याकडे बघत होता, पण तोंडाकडे नाही, खांद्याच्या थोडं बाजूला.

"काय झालं?" म्हणाला.

"तू विचारतोस काय झालं?"

त्याने कापड हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग खाली ठेवलं.

मी ओरडलो. किती ओरडलो आठवत नाही. शेवटी म्हणालो, "लातूरला दुकान बघून ठेवलंस ना? तिकडे लक्ष आहे तुझं. मग जा. असं मारून कशाला जातोस?"

त्याने कापलेले थर एकावर एक सरळ केले.

"हाव," म्हणाला. "बघून ठेवलंय."

कातर टेबलावर ठेवली. चप्पल पायाने चाचपून घातली आणि ओट्यावरून उतरला. ओट्याला दोन पायऱ्या आहेत. दुसरीवर अडखळला.

मी बोलावलं नाही.

४ एप्रिल, गुरुवार

महामायाताईंकडे गेलो. सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते वाईट झालं. एक तुकडा उलटसुलट करून बघितला. म्हणाल्या, "आमच्या बाया रोज उन्हात सराव करतात, भाऊ. गाणं बसवलंय." मग म्हणाल्या, "जाऊ द्या. ज्याची त्याची पांढरी साडी नेसून येतील. काही साड्या पिवळ्या पडलेल्या हायेत, लांबून दिसायचं न्हाई." कापड भरून देतो म्हणालो. "पुढच्या वर्षी देऊन काय करू? ह्या वर्षीची मिरवणूक ह्या वर्षी."

बिलाल आला नाही.

६ एप्रिल, शनिवार

उरलेलं मीच कापतो आहे. माझी कातर जड पडते. सकाळभर कापतो, दुपारी शिवतो, मधे लोक येतात, त्यांना उद्या सांगतो. उद्या कधी, ते विचारतात. भिंतीवर टाइमटेबल आहे. त्यात दोन माणसं धरलेली आहेत.

प्रियदर्शनीचा फोन आला. "वही लिहिताय ना?" लिहितो म्हणालो. "फरक पडला?" पडला म्हणालो. तिच्या टेस्टमध्ये यावेळी मार्क कमी आले, म्हणाली. तास सगळे भरले होते तरी.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. दुकान उघडं. ईदचे काही कपडे होणार नाहीत हे आज कळून चुकलं. फोन करून सांगायला सुरुवात केली. पहिल्याने शिवी दिली. दुसऱ्याने मधेच फोन ठेवला. तिसरा म्हणाला, "रेडिमेड घेतले आम्ही. बिलालभाईने चार दिवस आधीच फोन करून सांगितलं होतं, आनंदकडून होणार नाही, माफ करा म्हणून."

म्हणजे त्याने घरी बसून सगळ्यांना फोन केले. मला नाही केला. गिऱ्हाईक फोडायचं असेल तर असं सांगत नाहीत. हे नीट लागत नाही.

११ एप्रिल, गुरुवार

ईद.

बिलालचा ईदचा कुर्ता दर वर्षी मी शिवतो आणि माझा जयंतीचा शर्ट तो. यंदाचा कुर्ता भांडणाच्या आधीच शिवून ठेवला होता. घरात ठेवून काय करणार? घेऊन गेलो.

दार उघडंच होतं. तो समोर खुर्चीवर बसला होता, जुन्या कुर्त्यात. मी दारात उभा राहिलो. माझ्याकडे बघून म्हणाला, "कोन?"

मला वाटलं राग आहे. उभाच राहिलो.

"कोन हाय? आओ ना अंदर. ईद मुबारक."

गिऱ्हाइकाला बोलतो तसं, गोड. तेव्हा कळलं.

"मी," म्हणालो. "आनंद."

त्याने तोंड आवाजाकडे वळवलं. मग म्हणाला, "दारात उजेड पाठीमागून येतो. त्यामुळं." आणि मग, "बस."

सबिहाभाभींनी शीरखुर्मा आणला. त्याला बिनसाखरेचा वेगळा वाटीत, मला कपात. त्याने वाटी हाताने शोधली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या पावसाळ्यापासून कमी. शुगर. डोळ्याच्या पडद्याला सूज. लातूरला इंजेक्शन देतात, डोळ्यात." हसला. "सगळी जिंदगी सुईवर गेली. म्हणलं सुईचा बी हिशोब बाकी असेल."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू कातर घेतली असती हातातून."

"घेतली असती."

"मग?"

मी कुर्ता त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने खांद्यावरची शिलाई बोटांनी बघितली, बाहीपर्यंत गेला, परत आला. "बारीक घेतलीस," म्हणाला. "चांगली हाय."

"आता काय म्हणतात डॉक्टर?"

भाभी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एक तारीख चुकली, आनंदभाई. उसके बाद अंदर खून उतर आया. उजव्या डोळ्यासमोर सगळं काळं."

"सबिहा," बिलाल म्हणाला. "शीरखुर्मा दे त्याला अजून."

कुठली तारीख, मी विचारलं नाही. शीरखुर्मा खाल्ला.

१४ एप्रिल, रविवार

दुकान बंद होतं. इतक्या वर्षांत जयंतीला पहिल्यांदा. मिरवणुकीत विशाखा होती, मीही होतो. महामायाताईंचं पथक आमच्या पुढे होतं. साड्यांचे पांढरे रंग एकमेकांशी जुळत नव्हते, लांबूनही दिसत होतं. बायका चांगल्या खेळल्या.

विशाखाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला साखरेचं विचारायला सांगितलं होतं." घरी आल्यावर तिने एका पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी आणि दोन केळी भरून ठेवली. "उद्या सोमवार आहे," म्हणाली.

१५ एप्रिल, सोमवार

बिलालला घेऊन लातूरला गेलो. भाभी म्हणाल्या, तुम्हीच जा. सकाळची बस. त्याला खिडकीशी बसवलं, मग वाटलं, खिडकीशी कशाला. तो म्हणाला, "वारा लागतो. राहू दे."

लोह्याचा स्टँड मागे पडल्यावर त्याने विचारलं, "दुकान बंद?"

"बंद."

"वीरण्णा बोंबलत असेल."

"बोंबलू दे."

दवाखान्यात गर्दी होती. नंबर लागेपर्यंत बाकावर बसलो. डोळ्यांत थेंब टाकले, मग पुन्हा टाकले. तो डोळे मिटून बसला होता. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "बाबा, तुम्हाला कितवं?" तो म्हणाला, "तिसरं लागणार होतं." ती म्हणाली, "माझं सातवं. आता पोरांची तोंडं दिसतात बगा." तो म्हणाला, "चांगलं झालं, मावशी."

डॉक्टर तरुण बाई होत्या. बराच वेळ यंत्रातून बघितलं, उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. मागच्या वेळचे कागद चाळले. उजव्याचा पडदा सुटला आहे, म्हणाल्या. ऑपरेशन करता येईल, पण नजर येईल असं त्या सांगत नाहीत. डाव्यालाही सुरुवात झाली आहे. तो सांभाळू, जेवढा सांभाळता येईल तेवढा. काय काम करता, विचारलं. कटिंग मास्टर, तो म्हणाला. त्या कागदावर लिहीत राहिल्या.

मग मान वर करून म्हणाल्या, "मार्चमध्ये तुम्हाला बोलावलं होतं. तेव्हा आला असता तर गोष्ट वेगळी असती. का नाही आलात?"

बिलाल म्हणाला, "सीझन होता, मॅडम."

"डोळ्यापेक्षा मोठा सीझन?"

तो हसला, गिऱ्हाइकाने घासाघीस केली की हसतो तसा.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण यांचे?"

मी तोंड उघडायच्या आधी तो म्हणाला, "भाऊ हाय माझा."

"मग तुम्ही तरी आणायचं ना यांना," त्या मला म्हणाल्या. "एक दिवसाचं काम होतं."

मी हो म्हणालो.